रंगवलेलं कापड धुवायचं कसं : थोडं पाणी, जास्त पिळणं

आमच्याकडे रंगकामाची खरी गर्दी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी असते. लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, म्हणून ओढण्या, साड्या, झबली, सगळं एकाच पंधरवड्यात मागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, पारोळ्यात पाण्याची बोंब असते. नळ कधी येईल याचा नेम नाही, बोअर तासभर चालली की हवा ओढायला लागते. रंगवायला जेवढं पाणी लागतं त्याच्या तिप्पट-चौपट पाणी रंगवून झाल्यावर धुवायला लागतं, हे ज्याने घरी एक तरी साडी रंगवली आहे त्याला सांगायला नको.

मी सुरुवातीला पाण्याची बचत म्हणजे 'कमी धुणे' समजत होते. त्यातून एकदा चांगलीच नाचक्की झाली. लाल रंगाच्या बारा ओढण्या केल्या होत्या. वेळ नव्हता, म्हणून रंगाच्या टिपातून (पिंपातून) काढलेलं कापड सरळ उकळत्या साबणाच्या पाण्यात टाकलं. पाणी रक्तासारखं झालं. ते ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा लाल. सहा वेळा केलं. दीडशे-दोनशे लिटर पाणी गेलं असेल. तरी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी एक बाई पांढरा ब्लाऊज घेऊन दारात उभ्या. ब्लाऊज गुलाबी झालेला. "ताई, रंग ते समदा निंघी गया!"

चूक पाणी कमी पडल्याची नव्हती, क्रम चुकल्याची होती. हा सगळा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

रंग सुटतो कशामुळे

सुती कापडावर आज बहुतेक लोक रिॲक्टिव्ह रंग वापरतात. बाजारात कोल्ड ब्रँड, हॉट ब्रँड म्हणून मिळतात ते हेच. हा रंग धाग्याशी रासायनिक बंध करतो, म्हणून पक्का. पण सगळा रंग धाग्याला जोडला जात नाही. काही भाग पाण्याशीच जोडला जाऊन निकामी होतो आणि धाग्यात नुसता अडकून बसतो. गडद रंगात हा निकामी भाग चांगलाच मोठा असतो. पुढे सुटतो तो हाच.

रंगवताना आपण मीठ घालतो ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. रंग बसल्यावरही मीठ आपलं काम सोडत नाही. कापडात मीठ आहे तोवर निकामी रंगही धाग्याला चिकटून राहतो, निघाला तरी परत बसतो. त्यात रंग पक्का करायला घातलेला धुण्याचा सोडा. सोडा कापडात असताना उकळलं, तर काही जातींच्या रंगांचा पक्का झालेला बंधही तुटतो. म्हणजे माझ्या त्या लाल ओढण्यांचं दोन्हीकडून नुकसान झालं: निघायचा तो रंग मिठामुळे निघत नव्हता, आणि राहायचा तो सोड्यामुळे निघत होता.

म्हणून आधी गार पाण्याने मीठ काढायचं, मग सोडा मारायचा, आणि त्यानंतरच उकळतं पाणी.

एक हिशोब, जो पाठ करून ठेवावा

दोन किलो सुती कापड घ्या, म्हणजे साधारण चार साड्या. हाताने चांगलं पिळलेलं सुती कापड आपल्या वजनाएवढं पाणी अंगात धरून ठेवतं असं धरू. म्हणजे दोन लिटर. त्या दोन लिटरमध्ये मीठ आहे, सोडा आहे, रंग आहे. आपल्याला तेवढं दोन लिटर 'साफ' करायचं आहे.

तुमच्याकडे 30 लिटर पाणी आहे. सगळं एकदम टिपात ओतून कापड बुडवलं, तर दोनाचे बत्तीस लिटर झाले, पिळल्यावर पुन्हा दोन उरले. मीठ सोळाव्या हिश्शावर आलं.

आता तेच 30 लिटर दहा-दहा करून तीनदा वापरा, दर वेळी पिळून. पहिल्या पाण्यात सहावा हिस्सा, दुसऱ्यात छत्तिसावा, तिसऱ्यात दोनशे सोळावा. पाणी तेवढंच, आणि काम तेरापटीहून जास्त.

आणि पिळलं नाही तर? नुसतं निथळत उचललेलं कापड आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी सहज घेऊन येतं. मग त्याच तीन पाण्यांत मीठ फक्त एकोणिसाव्या हिश्शापर्यंत उतरतं. तुम्ही तीनदा वाकलात, दहा-दहा लिटर ओतलंत, आणि पदरात पडलं जवळजवळ एका पाण्याएवढंच. घरात सेमी ऑटोमॅटिक मशीन असेल तर दोन पाण्यांच्या मधे त्याच्या ड्रायरमधून मिनिटभर फिरवून घ्या. कापडात पाणी वजनाच्या साठ टक्क्यांवर येतं आणि तीन पाण्यांत मीठ आठशेव्या हिश्शाच्याही खाली जातं. कारखान्यात याच कामाला 'हायड्रो' म्हणतात. माझ्या मते पाणी वाचवायचं एकच यंत्र घ्यायचं असेल तर जुनं, फक्त ड्रायर चालणारं मशीन घ्या. भंगारवाल्याकडेही मिळतं.

पिळताना दोघांनी दोन टोकं धरून दोरखंडासारखा पीळ घालू नका. बारीक सुतात कायमच्या रेघा पडतात. कापड घडी घालून पाटावर ठेवा आणि तळव्याने, नाहीतर दुसऱ्या पाटाने दाबा.

हा हिशोब मीठ, सोडा आणि पाण्यात मोकळा असलेला रंग यांना लागू होतो. धाग्याला चिकटलेला रंग हिशोब ऐकत नाही. त्याला उष्णता आणि वेळच लागतो.

पहिलं आणि दुसरं पाणी : गार

रंगाचं पाणी पूर्ण निथळू द्या आणि ते वेगळ्या भांड्यात धरा. त्याचं काय करायचं ते शेवटी. हातमोजे चढवा. कापड दाबून घ्या. मग दहा लिटर गार पाण्यात पाच मिनिटं वरखाली करा. नुसतं बुडवून ठेवू नका, आतल्या घड्यांत पाणी पोचलं पाहिजे. बाहेर काढा, दाबा. दुसरं पाणी, तसंच.

मे महिन्यात इथे 'गार' पाणी मिळवणं हीच एक कसरत. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. म्हणून ही दोन पाणी पहाटे भरून सावलीत झाकून ठेवते. टाकीचं ते तापलेलं पाणी मात्र वाया जाऊ देत नाही, ते पुढे कामाला येतं.

बांधणीचं काम असेल तर पहिलं पाणी गाठींसकट काढा आणि दुसऱ्या पाण्यात, पाण्याच्या आतच, गाठी सोडा. कोरड्या हवेत गाठ सोडली की आतला गडद रंग पांढऱ्या ठिपक्यावर ओघळतो.

तिसरं पाणी : सिरका

दहा लिटर पाण्यात किराणा दुकानातला पांढरा सिरका साधारण 150 मिली. दहा मिनिटं. याने उरलेला सोडा मरतो. जास्त घातला म्हणून जास्त चांगलं असं नाही. काही कोल्ड ब्रँड रंगांचा बंध आम्लानेही ढिला होतो. फरशी धुवायचं ॲसिड तर चुकूनही नको, त्याने सुताचा जीव जातो आणि साडी चार महिन्यांत घडीवर फाटते.

सोडा गेला की नाही हे पाहायला पीएच कागद मिळतो. तो नसेल तर स्वयंपाकघरातली हळद आहे. पांढऱ्या कागदावर ओली हळद पुसा, वाळू द्या, आणि कापड पिळून त्याचा एक थेंब त्यावर टाका. थेंब तांबडा झाला तर सोडा अजून आहे. पिवळाच राहिला तर पुढे चला. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तोच हा प्रकार.

मिठासाठी दुसरी युक्ती. घरच्या आरओ फिल्टरचा माणूस पाण्यात बुडवतो तो पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन ठेवा, स्वस्त मिळतो. आमच्या बोअरचं पाणीच मुळात 850 दाखवतं. गडद रंगाचं पहिलं पाणी मोजायला गेलात तर मीटर हात टेकतो, आकडाच येत नाही. दुसऱ्या पाण्याला तीन हजारांच्या आसपास. तिसऱ्याला बाराशे. माझा नियम असा: मूळ पाण्यापेक्षा आकडा हजाराच्या आत वर असेल तरच कापड गरम पाण्यात जाईल. मीटर घेण्याआधी मी पाणी 'स्वच्छ दिसेपर्यंत' धूत होते, पण मीठ दिसत नाही, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही ते भरपूर असतं.

उकळतं पाणी : सोपिंग

खरा सुटा रंग इथे निघतो. बाकी सगळी तयारी या पंधरा मिनिटांसाठी.

दोन किलोला वीस लिटर पाणी. उकळीच्या जरा खाली, म्हणजे 90-95 अंश. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे यायला लागले की समजा. त्यात सौम्य द्रव डिटर्जंट लिटरला एक-दोन ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला फार तर दोन-तीन मोठे चमचे. रंगाच्या दुकानात 'सोपिंग एजंट' म्हणून मिळतो तो जास्त बरा. साधी वडी किंवा 'पांढराशुभ्र' करणारी पावडर टाळा. पावडरीत सोडा असतो, जो आपण आत्ताच महाप्रयासाने काढला, आणि चकाकी आणणारी द्रव्यं असतात, ज्यांनी फिके रंग निळसर पडतात.

साबणाची वडी नको म्हणण्याचं आणखी एक कारण आपल्या जमिनीत आहे. इथल्या बोअरचं पाणी जड. पातेल्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही, ते पाणी. त्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळाला की चिकट पांढरी साय होते आणि गडद कापडावर राखेसारखी बसते. रंगातही तो कॅल्शियम लुडबुड करतो. उपाय म्हणून लिटरला अर्धा ते एक ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट रंगाच्या आणि सोपिंगच्या पाण्यात आधी विरघळवून घ्या. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी साठवता आलं तर ते फक्त या कामासाठी राखा.

कापड टाका, झाकण लावा, आच बंद करा आणि भांड्याभोवती दोन गोणपाटं गुंडाळा. पंधरा मिनिटं उष्णता चांगली टिकते. मधे दोनदा काठीने हलवा. गॅस वाचवायचा तर सुरुवातच त्या काळ्या टाकीतल्या दुपारच्या पाण्याने करा.

पाणी कितीही लाल झालं तरी घाबरू नका. आता निघतोय तो निघायचाच रंग आहे. लाल, काळा, मोरपंखी हे तिघे हट्टी, त्यांना दुसरं सोपिंग लागतं. पिवळ्याला, फिक्या गुलाबीला कधीच नाही.

मग एक गरम पाणी, 60-70 अंशांचं, दहा लिटर. इथे घाईने गार पाण्यात टाकलं तर सुटलेला रंग परत बसतो. आणि त्यानंतर शेवटचं गार पाणी, दहा लिटर.

पाणी उलटं फिरवायचं

आतापर्यंत किती झालं? दहा, दहा, दहा, वीस, दहा, दहा. सत्तर लिटर, दोन किलोला. एकच घाणा असेल तर इथेच थांबा. पण दिवसात चार-पाच घाणे असतील तर खरी बचत आता सुरू होते.

धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे. नदीवर छोटे बंधारे एकाखाली एक. वरच्या बंधाऱ्याच्या पाटातून शेतं भिजली की उरलेलं पाणी सांडव्याने परत नदीत, आणि खालचा बंधारा ते पुन्हा अडवतो. एकच पाणी दोन-तीन गावांच्या उपयोगी पडतं. माझी टिपं मी तशीच मांडली आहेत. फरक एवढाच की पाणी एका दिशेने उतरतं आणि कापड उलट्या दिशेने चढतं.

पहिल्या घाण्याचं शेवटचं गार पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते ओतायचं नाही. त्यात सिरका घालून दुसऱ्या घाण्याचं तिसरं पाणी करायचं. पहिल्या घाण्याचं सिरक्याचं पाणी दुसऱ्याचं 'दुसरं' पाणी होतं, आणि पहिल्याचं 'दुसरं' पाणी दुसऱ्याचं 'पहिलं'. गार पाण्यांच्या या साखळीतून फक्त 'पहिलं' पाणी, ज्यात सगळं मीठ उतरलं आहे, ते बाहेर जातं. सोपिंगनंतरचं गरम पाणी पुढच्या सोपिंगमध्ये अर्ध्याला घालायचं. त्यात थोडा साबण असतो आणि ते कोमट तरी असतंच.

दुसऱ्या घाण्यापासून नवं पाणी फक्त तीन ठिकाणी: शेवटच्या गारला दहा, त्याआधीच्या गरमला दहा, सोपिंगला दहा. तीस लिटर, सत्तरच्या जागी. फुकट नाही मिळत हे. मीठ दोनशे सोळाव्या हिश्शाऐवजी दीडशेव्या हिश्शाच्या आसपास थांबतं. पण ते आपल्या हजाराच्या मर्यादेत बसतं.

हे जमायला दोन गोष्टी पाळाव्या लागतात. टिपांवर ऑइलपेंटने मोठे आकडे टाका. गडबडीत 'हे कुठलं पाणी' असा प्रश्न पडला की सगळी साखळी ओतावी लागते, माझी एकदा पडली आहे. आणि रंगांचा क्रम फिक्याकडून गडदकडे, एकाच कुळातला: पिवळा, केशरी, लाल, मरून. निळ्यांचा दिवस वेगळा. लालाच्या पाण्यातून पोपटी काढायचा मोह झाला तर घरच्या पोतेऱ्यावर करून बघा.

झालं हे कसं ओळखायचं

धुतलेल्या ओल्या कापडावर पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा ठेवा आणि त्यावर गरम इस्त्री दाबून धरा, तुकडा कोरडा होईपर्यंत. तुकडा पांढरा राहिला तर काम झालं. फिकट छटा आली तर आणखी एक सोपिंग. गडद डाग आला तर गार पाण्यापासून पुन्हा, कारण मीठ राहिलं आहे. प्रत्येक घाण्यातली एक साडी अशी तपासल्याशिवाय मी आता कोणाला देत नाही.

बाकीचे रंग, थोडक्यात

डायरेक्ट रंग, म्हणजे पुडीतले स्वस्त घरगुती रंग, धाग्याशी बंध करत नाहीत. त्यांना उकळलंत तर सगळे उतरतील. दोन गार पाणी आणि मग फिक्सर (रंग धरून ठेवणारं द्रव्य), बस. रेशमावरचे ॲसिड रंग बहुतेक सगळे धाग्यात जातात, त्यांना दोन कोमट पाणी पुरतात. रेशमाला उकळ नाही, सोडा तर नाहीच.

निळीचं कापड पिपातून हिरवट निघतं. ते हवेत पूर्ण निळं होईपर्यंत पाण्याला लावू नका. मग गार पाणी, मग साबणाची उकळ. उकळ टाळली की निळा रंग हाताला, खुर्चीला, गाडीच्या सीटला लागत राहतो. फैजपूरच्या निळ्या-लाल रंगाईचं जुन्या गॅझेटियरमध्ये नाव आहे, पण त्या रंगाऱ्यांच्या घरांतून धुण्याच्या रीती कुणी लिहून ठेवल्या असत्या तर मला बारा ओढण्यांची फी भरावी लागली नसती.

वनस्पती रंगांना पाणी कमी लागतं, धीर जास्त. मंजिष्ठा, डाळिंबाची साल, हिरडा, यांनी रंगवलेलं कापड न धुता सावलीत वाळवून एक-दोन दिवस तसंच ठेवा, मग रिठ्याच्या पाण्याने हलकेच काढा. सोडा, डिटर्जंट दूर. सातपुड्यात फाल्गुनात पळस फुलतो, त्याच्या फुलांचा पिवळा सोड्याने केशरी होतो. सुंदर दिसतो, पण उन्हात टिकत नाही, गिऱ्हाइकाला आधीच सांगा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळे रंग मळकट होतात. अशा वेळी साठवलेलं पावसाचं पाणी काढा.

वाळवणं आणि खळ

आपल्याकडे उन्हाळ्यात दोरीवर टाकलेलं कापड अर्ध्या तासात खडखडीत होतं. हेच धोक्याचं. पाणी जिथून वेगाने उडतं तिकडे आतला सैल रंग ओढला जातो, आणि काठाला किंवा दोरीच्या घडीवर गडद पट्टा उमटतो. आधी नीट पिळा, मग सावलीत, कापड पसरून, दोरीवर दुमड न पाडता. अर्धवट वाळल्यावर बाजू फिरवा.

खळ द्यायची तर भाताची पेज सगळ्यात सोपी. एक वाटी पेज, चार वाट्या पाणी, फडक्यातून गाळून. साबुदाण्याची खळ जरा कडक, पारदर्शक, गडद रंगांना ती बरी, कारण पेज काळ्यावर पांढरी दिसते. खळीचं पाणी वेगळं लागत नाही: शेवटच्या गार पाण्यातून पिळलेलं कापड दोन लिटर खळीत दाबून घ्या. साखळी चालू असेल तर खळ शेवटच्या टिपात मिसळू नका, पुढच्या घाण्यात सोपिंगला चिकटा होतो. ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री फिरवा.

मिठाचं पाणी कुठे

रंगाचं टिप आणि 'पहिलं' पाणी शेतात, केळीच्या खोडाशी किंवा अंगणातल्या लिंबाला घालायचं नाही. काळ्या मातीला सोडियम लागला की ती पावसात चिकट आणि उन्हात दगडासारखी होते, पाणी मुरणं बंद होतं, आणि ती परत आणायला वर्षं जातात. विहिरीजवळ तर मुळीच नको. मी घराच्या मागे जाड प्लॅस्टिक अंथरून वीतभर उंचीच्या विटांचा उथळ वाफा केला आहे. त्यात हे पाणी ओतते. मेच्या उन्हात चार बोटं पाणी चार-पाच दिवसांत उडून जातं आणि खाली रंगीत मिठाचा पापुद्रा उरतो. तो खरवडून बंद डब्यात. गिऱ्हाइकी धंदा म्हणून रंगकाम करत असाल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्याची रीतसर सोय लागते, घरगुती वाफ्यावर भागत नाही. मोरचूद किंवा क्रोम वापरत असाल तर वाफासुद्धा नको, आधी ते वापरणंच सोडा. तुरटीवर बहुतेक रंग येतात.

दिवसाच्या शेवटी उरलेलं शेवटचं गार पाणी मीटरवर बोअरच्या आकड्याजवळ असतं. ते संडासाला, ओटा धुवायला, नाहीतर झाकून उद्याच्या पहिल्या घाण्याला. जूनमध्ये पाऊस लागला की वाफ्यावर पत्रा टाकते आणि गडद रंगांच्या ऑर्डरी दिवाळीपर्यंत पुढे ढकलते. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला पिवळं आणि केशरीच जास्त खपतं, आणि त्यांना मीठही कमी लागतं.